कावसजीचं नाक, दादाचा हात

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी तो व्हिडिओ टाकतंच. काळा चकचकीत रोबोटिक हात, अंडं उचलतो, न फोडता वाटीत ठेवतो, मागे ढँग ढँग म्युझिक, आणि खाली काकांचा मेसेज, "दादाला दाखवा रे कोणीतरी". दादाने तो इतक्या वेळा पाहिलाय की आता तो नुसता अंगठा टाकतो. डाव्या हाताचा अंगठा अर्थात.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. आणि गंमत म्हणजे त्याच्याकडे असा हात आहे. खरंच आहे. कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, थर्माकोलसकट ओरिजिनल बॉक्समध्ये. लग्नकार्य असलं की बाहेर येतो. धाकट्या आत्याच्या मुलीच्या हळदीला त्याला कोणीतरी हौसेने हळद लावली, तर ती त्या हाताच्या स्किन कलरच्या ग्लोव्हवर जी बसली ती बसली, साबण झाला, रॉकेल झालं, मावशीने लिंबू पण चोळून बघितलं, डाग जात नाही. खऱ्या हाताची हळद दोन दिवसात जाते. यावरून दादा म्हणतो मी कायमचा नवरदेव.

२०१९ ला भोसरीच्या एका शॉपमध्ये पॉवर प्रेसवर त्याचा उजवा हात गेला, मनगटाच्या वर चार बोटं. ज्यांना प्रेस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मशीनला दोन बटणं असतात, लांब लांब, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायलाच नको, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात. साधी आणि फार हुशार आयडिया आहे. आणि टार्गेट पूर्ण करायचं म्हणून त्यातलं एक बटण रबराचा तुकडा कोंबून दाबून ठेवायचं हीही तितकीच जुनी आयडिया आहे. पुढचं लिहीत नाही.

मी स्वतः हॉस्पिटलची मशीन दुरुस्त करते, इसीजी, मॉनिटर, सिरिंज पंप वगैरे. त्यामुळे घरात समज असा की मला हाताचं सगळं कळतं. तेव्हा काहीच कळत नव्हतं. गेल्या पाच-सहा वर्षात दादामुळे जे वाचलं, विचारलं, त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आणि ती सांगायलाच ही पोस्ट लिहितेय. या हातांमधली मोटर कधीच खरा प्रॉब्लेम नव्हती. मोटरी भरपूर आहेत. प्रॉब्लेम आहे सिग्नल आणायचा कुठून, आणि तो प्रॉब्लेम आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एकट्याने नाही सोडवला, तो अर्ध्याहून जास्त सोडवला प्लास्टिक सर्जन लोकांनी, सुईदोऱ्याने.

आता दादाचा कपाटातला हात कसा चालतो बघा. कोपराच्या खालच्या उरलेल्या भागावर जे सॉकेट बसतं त्याच्या आत दोन इलेक्ट्रोड, एक पुढच्या स्नायूवर एक मागच्या. पुढचा स्नायू आवळला की मूठ बंद, मागचा आवळला की उघडी. झालं, संपलं. मनगट फिरवायचं असेल तर दोन्ही एकदम आवळायचे मग मोड बदलतो, जुन्या कीपॅडच्या मोबाईलवर एक अक्षर टाइप करायला तीनदा बटण दाबायचो ना, तसं. खऱ्या हातात २७ हाडं, आणि कंट्रोल म्हणजे दोन बटणं. (दादाला दोन बटणांचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला. मला नंतर लक्षात आलं का हसला.)

त्यात घाम. एप्रिल महिन्यात पुण्यात त्या सॉकेटमध्ये काय होत असेल विचार करा. इलेक्ट्रोड घामाने सरकला की हात आपल्या मनाने वागतो. एकदा पीएमटीत त्याने दांडा धरला होता आणि मूठ उघडेचना, स्टॉप आला, मागचे लोक "उतरा उतरा" करतायत, आणि हा दांड्याला अडकलेला, कंडक्टर शिव्या देतोय. त्या दिवसापासून हात कपाटात. दोन लाखाच्या वर खर्च झाला होता, मावशीने अजून कोणाला पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

माझ्या कामात हा सिग्नलचा रडा रोजचा आहे म्हणून मला पटकन कळलं. इसीजीचा सिग्नल साधारण एक मिलीव्होल्टचा, एवढासा. बाजूला ट्यूबलाइटची चोक खराब असली किंवा अर्थिंग गंडलेलं असलं की पन्नास हर्ट्झचा आवाज त्यात घुसतो आणि कागदावर जाड गवत उगवतं, मग डॉक्टर फोन करून ओरडतात. स्नायूचा सिग्नल कातडीवरून घेतला तर साधारण त्याच रेंजमध्ये किंवा त्याच्याही खाली. आणि नसेतून थेट घ्यायचा म्हटलं तर मायक्रोव्होल्ट, म्हणजे हजारावा भाग. भर बाजारात कोणीतरी कानात कुजबुजतंय आणि आपण रस्त्याच्या पलीकडून ऐकायचं.

इथे एक सांगून टाकते, मराठीत नस म्हणजे काहीही असतं. रक्त काढायची ती पण नस, पायात गोळा आला की नस चढली, मान आखडली की नस दबली. मी नस म्हणतेय ती मेंदूचा निरोप नेणारी, नर्व्ह. आणि तिच्याबद्दलची सगळ्यात विचित्र गोष्ट अशी की वायर कापली की वायर गप्प बसते, नस कापली की ती गप्प बसत नाही. ती वाढायला लागते. दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तिला पुढचा हात हवा असतो, आणि पुढे हात नाही. मग ती तिथल्या तिथे गुंता करते, शिवणाच्या डब्यात तळाशी दोऱ्याचा असतो ना तसा, आणि त्याची गाठ होते. न्यूरोमा. दादाच्या हाताच्या टोकाला आतल्या बाजूला अशी एक जागा आहे, तिथे शर्टाची बाही घासली तरी त्याला करंट बसतो, आणि तो करंट बसतो नसलेल्या अंगठ्यात आणि नसलेल्या पहिल्या बोटात. पहिल्यांदा डॉक्टरांनी तिथे बोटाने टकटक केलं तर दादा खुर्चीतून उठला होता.

आणि दुसरं म्हणजे ती मूठ. गेलेला हात त्याला अजून आहे असं वाटतं, आणि तो मूठ आवळून बसलाय, नखं तळव्यात रुततायत, उघडत नाही. रात्री जास्त. कापायला नखं नाहीत हो, तळवाच नाही, पण दुखतंय खरं. या नसलेल्या हाताच्या दुखण्याला फँटम म्हणतात. फिजिओच्या बाईंनी आरशाचा उपाय दिला होता, आपल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेत शोधलेला, डावा हात आरशासमोर धरायचा म्हणजे आरशात उजवा दिसतो, मग मूठ उघडझाप करायची, मेंदूला वाटतं उघडली बुवा. दादा मावशीच्या गोदरेजच्या कपाटाचं दार अर्धं उघडून त्याच्या आरशासमोर बसायचा. दोन-अडीच महिने बरं वाटलं. मग कंटाळा आला, मग कपाटाचं दार ढिलं झालं म्हणून मावशी ओरडायला लागली, मग राहिलं.

आता खरी स्टोरी. २००१ मध्ये अमेरिकेत टेनेसीचा एक लाइनमन हाय टेन्शनच्या तारेला चिकटला आणि दोन्ही हात खांद्यापासून गेले. शिकागोला टॉड क्विकेन नावाचे डॉक्टर होते जे इंजिनिअर पण होते, आणि त्यांच्यासोबत ग्रेगरी ड्युमॅनियन, प्लास्टिक सर्जन. त्यांचं म्हणणं साधं होतं. हात गेला पण हाताच्या नसा खांद्यापर्यंत आहेत ना? मेंदूचा निरोप तिथपर्यंत येतोय आणि पत्ता नाही म्हणून परत जातोय. तर मग दुसरा पत्ता द्या. छातीचा मोठा स्नायू, जो हातच नसल्यामुळे आता बेकार होता, त्याच्या स्वतःच्या नसा कापल्या आणि त्याच्या वेगवेगळ्या भागांना हाताच्या चार मुख्य नसा जोडून दिल्या. २००२ ची गोष्ट. काही महिन्यांनी त्या माणसाने मनात म्हटलं मूठ बंद कर आणि छातीचा एक तुकडा उडाला. कोपर वाक म्हटलं, दुसरा तुकडा. मग त्यावर इलेक्ट्रोड. कसला मोड बदलणं नाही, कसलं तीनदा बटण दाबणं नाही, जे करायचं ते मनात आणायचं.

याला टीएमआर म्हणतात, टार्गेटेड मसल रीइनर्व्हेशन. मला यातलं आवडलं ते हे की स्नायूचा इथे वापर काय झाला? ॲम्प्लिफायर! नसेचा मायक्रोव्होल्टचा कुजबुजाट स्नायूने घेतला आणि मोठ्याने बोलून दाखवला. बॅटरी नाही, सर्किट बोर्ड नाही, जेवणावर चालतो. आम्ही लॅबमध्ये लो नॉइज लो नॉइज करत चिप शोधत बसतो आणि हा आयटम मटणाच्या दुकानात टांगलेला असतो. सॉरी, पण खरंच डोक्यात तेच आलं.

आणि जे कोणी प्लॅन केलेलं नव्हतं ते असं झालं की छातीला हात लावला तर त्या माणसाला हाताला हात लावल्यासारखं वाटायला लागलं. छातीच्या कातडीत हाताच्या नसांचे स्पर्शवाले धागे पण शिरले होते. हे वाचलं त्या रात्री मी दादाला साडेअकराला फोन केला. तो म्हणाला, "झोप आता, इंजिनिअर बाई".

पुढे अजून एक लक्षात आलं, की हे ऑपरेशन झालेल्यांना गाठीचा आणि फँटमचा त्रास कमी होतोय. लॉजिक सरळ आहे, नसेला काम मिळालं, गुंता करायची गरज उरली नाही. ड्युमॅनियन यांच्या टीमने मग रीतसर चाचणी केली, २८ जण, चिठ्ठ्या टाकून दोन गट, एकांची नेहमीची पद्धत म्हणजे गाठ कापून नसेचं टोक स्नायूत पुरून टाकायचं, दुसऱ्यांचं टीएमआर. २०१९ ला छापून आलं, फँटमचं दुखणं टीएमआरवाल्यांचं जास्त कमी झालं. २८ म्हणजे काही फार नाहीत, आमच्या सोसायटीच्या मीटिंगला पण त्यापेक्षा जास्त असतात. पण चिठ्ठ्या टाकून केलेलं होतं म्हणून मी त्याला मान देते.

मिशिगनवाल्यांनी अजून सुटसुटीत केलं. पॉल सेडेर्ना, हे पण प्लास्टिक सर्जन, आणि त्यांच्यासोबत सिंडी चेस्टेक, इंजिनिअर. त्यांनी काय केलं, मांडीतून वगैरे स्नायूचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा आणि कापलेल्या नसेच्या टोकाभोवती गुंडाळायचा. पानाचा विडा बांधतात ना, तसा. तुकडा स्वतः आधी मरतुकडा होतो, मग त्याला आजूबाजूने रक्त मिळायला लागतं आणि नस त्यात शिरते, आणि तीन-चार महिन्यांनी तो त्या नसेचा प्रायव्हेट स्नायू होतो. एकच नस उभी चिरून तिचे दोन-तीन भाग केले तर तेवढे विडे, तेवढे वेगळे सिग्नल. २०२० च्या त्यांच्या पेपरात त्या विड्यांच्या आत इलेक्ट्रोड बसवून लोकांनी अंगठा वेगळा, बोटं वेगळी अशी हलवून दाखवली, आणि जवळजवळ तीनशे दिवस सारखं सारखं कॅलिब्रेशन, म्हणजे सेटिंग परत जुळवणं, न करता. ज्यांनी कोणतंही सेन्सरवालं यंत्र सांभाळलंय त्यांनाच तीनशे दिवसांचं कौतुक कळेल. माझ्याकडचा एक मॉनिटर तीस दिवस धड चालत नाही.

घाम आणि सरकणं याचा इलाज स्वीडनकडे आहे. गोटेनबर्गला ब्रॉनेमार्क नावाच्या डॉक्टरांना फार पूर्वी दिसलं की टायटेनियम हाडाला घट्ट चिकटतं, आजचे सगळे दातांचे इम्प्लांट त्यातूनच आले. त्यांच्या मुलाने तेच हातापायाला वापरलं, हाडात टायटेनियमचा खुंट, तो कातडीतून बाहेर, त्यावर कृत्रिम हात थेट अडकवायचा, सॉकेटच नाही. मग मॅक्स ओर्टिस कॅटालान आणि मंडळींनी त्या खुंटाच्या आतून वायरी नेल्या, स्नायूवरचे आणि नसेवरचे इलेक्ट्रोड आतच राहतात. २०१३ ला पहिला माणूस. २०२३ मध्ये त्यांनी शेतातल्या अपघातात हात गेलेल्या एका बाईंची केस छापली, त्या कित्येक वर्षं तो हात रोजच्या घरकामात वापरतायत आणि त्यांचं दुखणं पण कमी झालंय. शेतातला अपघात म्हटल्यावर मला लगेच कडबाकुट्टी आठवली. आमच्या गावाकडे एका पिढीत तीन माणसं आहेत अशी, तिघांचा उजवाच हात. स्वीडनमध्ये अशा माणसाचा पेपर होतो आणि आपल्याकडे त्याला गावात टोपणनाव पडतं.

व्हिएन्नाची गोष्ट वाचून मात्र मी जरा हादरले. तिथले ऑस्कर आस्मान, हेही प्लास्टिक सर्जनच, त्यांच्याकडे बाईकवरून पडून खांद्याच्या नसांचा पूर्ण गठ्ठा उपटलेले लोक येतात. आपल्याकडे असे किती असतील तुम्हीच बघा, हात आहे पण नुसता लोंबतोय, थंड, गळ्यात झोळीत अडकवलेला. आस्मान यांनी तीन जणांच्या त्या मेलेल्या हातात कुठे नस जोडून, कुठे स्नायू आणून लावून दोन-चार कामाचे सिग्नल तयार केले, मग महिनोन्महिने कॉम्प्युटरवर सराव, मग रोबोटिक हात त्याच लोंबत्या हाताला वरून बांधून चालवून बघितला, आणि मग त्या लोकांनी स्वतः सांगितलं की हा कापा आता. २०१५ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलं. कापायचं ऑपरेशन म्हणजे हार असं आपण धरतो. दादाला हे वाचून दाखवल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मला कोणी विचारलं नाही गं."

एमआयटीचे ह्यू हेर यांचं काम पायाचं आहे पण सांगते, कारण आयडिया लय भारी. डोळे मिटून नाकाला बोट लावा. लागलं ना बरोबर? कसं लागलं, बघितलं तर नाही. स्नायू जोडीने काम करतात, एक आखडतो तेव्हा दुसरा ताणला जातो, आणि त्या ताणावरून मेंदूला कळतं बोट कुठे आहे. नेहमीच्या पद्धतीने पाय कापताना ही जोडी तुटते, स्नायू नुसते टोकाला शिवून टाकतात. हेर आणि बॉस्टनचे मॅथ्यू कार्टी, परत प्लास्टिक सर्जन, यांनी कापतानाच ती जोडी एकमेकांना बांधून ठेवायची पद्धत काढली, दोन बाजूला दोन स्नायू आणि मध्ये दोर, रहाटासारखं, एक ओढलं की दुसरं सरकतं. २०२४ ला चौदा लोकांवरचा रिझल्ट आला, सात या पद्धतीचे, सात जुन्या, सगळ्यांना तोच बॅटरीवाला पाय. नव्या पद्धतीवाल्यांचा चालायचा टॉप स्पीड ४१ टक्के जास्त. आणि गंमत म्हणजे स्नायूतून येणारी जाणीव मूळच्या फक्त १८ टक्के होती. अठरा टक्क्यात! बाकीचं मेंदू आपलं आपण भरून घेतो. हेर यांचे स्वतःचे दोन्ही पाय १९८२ ला डोंगरात बर्फात अडकून गेलेत, म्हणजे सांगणारा माणूस नुसता सांगणारा नाही.

स्पर्शाचं काम पण चालू आहे, स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या टीमने २०२३ मध्ये कातडीसारखं मऊ सर्किट केलं, पाच व्होल्टवर चालणारं, दाबलं की नसेसारखे ठोके देतं, उंदराच्या मेंदूला ते ठोके दिले तर त्याचा पाय हलला. मस्त आहे. पण तिथून कपाटातल्या हातापर्यंत यायला वेळ आहे, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

दुसऱ्याचा हात बसवणं हाही रस्ता आहे, कोचीला अमृता हॉस्पिटलमध्ये जानेवारी २०१५ ला भारतातलं पहिलं झालं, २०२० ला मुंबईत पण झालं. पण त्यात आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या, आणि दादाला शुगर आहे, त्यामुळे त्या दारावर आम्ही टकटकच केलं नाही.

तर हे सगळं वाचून मी घरी म्हटलं की दादाला प्लास्टिक सर्जनला दाखवूया. मावशी म्हणाली, "अगं त्याचं नाक चांगलं आहे की." सगळे हसले. पण मावशीच्या नाकावरूनच मला कावसजी सापडला, म्हणून तिचे आभार.

कावसजी हा इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक कापलं. वर्षभर तो बिननाकाचा होता. मग पुण्याजवळच्या एका माणसाने, पत्रात म्हटलंय विटा करणाऱ्यांच्या जातीतला, आपल्याकडे लोक त्याला कुंभार म्हणतात, त्याला नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टर बघायला होते. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये हे सगळं चित्रासकट छापलंय, आणि वाचताना असं वाटतं की आपण बाजूला उभे आहोत. मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाचा आकार करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती फिरवून खाली नाकाच्या जागी. टाके नाहीत. जोडावर काय लावलं माहितीये? कात. पानात घालतो तो कात, पाण्यात कालवून फडक्याच्या पट्ट्यांवर, पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवसांनी ते काढून तुपात भिजवलेलं फडकं. पाच-सहा दिवस उताणं झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यात मऊ कापडाचे बोळे, बुजू नयेत म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ती पट्टी कापायची. लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये ही पद्धत वापरून पहिलं ऑपरेशन केलं आणि १८१६ ला पुस्तक छापलं, आणि आजही कपाळाच्या कातडीचं नाक करतात.

ती रक्तवाली पट्टी बघा फक्त. दोनशे वर्षांनी शिकागो, मिशिगनमध्ये जे चाललंय त्याच्या मुळाशी तेच आहे की शरीराचा तुकडा इकडून तिकडे न्या पण त्याला जिवंत ठेवा. यंत्र मग कोणीही बनवेल.

शेवटी गेलो एकदाचे. सर्जन तरुण होता, घाईत होता, पण त्याने दादाचा हात दहा मिनिटं बोटांनी चाचपला. पेनाने कातडीवर तीन ठिपके काढले, तीन नसा. म्हणाला, रोबोटचं नंतर बघू, आधी ही गाठ काढू आणि टोकांना स्नायू देऊ, त्याला काही इम्पोर्टेड लागत नाही, मायक्रोस्कोप आणि केसाहून बारीक दोरा. मूठ उघडेल याची गॅरंटी देत नाही म्हणाला, बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं एवढंच म्हणाला, आणि मला त्याचं हेच आवडलं, कारण हात विकणाऱ्या माणसाने गॅरंटीशिवाय दुसरं काही दिलंच नव्हतं. आणि वर हेही सांगितलं की उद्या कधी नवा हात घ्यायचा झाला तर सिग्नलची तयारी आत्ताच होऊन राहील. म्हणजे वायरिंग आधी, फिटिंग नंतर. हे मला शिकवायची गरज नव्हती.

येताना रिक्षात मी दादाला कावसजीचं सगळं सांगितलं, मेण, कात, तूप, चित्र, लंडन. तो ऐकत होता, पेनाचे ठिपके बघत. मग मी त्या चित्राखालचा मजकूर मोबाईलवर वाचून दाखवला, त्यात आहे की टिपूच्या लोकांनी नाक कापलं आणि एक हात पण. हे मी आधी बोललेच नव्हते, नाकाच्या नादात.

दादा म्हणाला, "मग हाताचं काय झालं?"

पुढे काहीच नाही. सगळं वर्णन नाकाचं. हात गेला हे एका ओळीत आहे आणि मग हाताचा विषय नाही. मी स्क्रोल करून परत वर गेले, परत खाली आले.

"काहीच लिहिलं नाहीये," म्हटलं.

"नाही लिहिणार," दादा म्हणाला, आणि रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

मंगळवारी सकाळी आठला ॲडमिट व्हायचंय. उपाशीपोटी, शुगरची गोळी घ्यायची नाही, आणि पुढून बटणं असलेला अर्ध्या बाहीचा शर्ट. मावशीने त्याचे दोन शर्ट घेतलेत बाही कापून शिवायला, उजवी बाजू जरा सैल ठेव म्हणून मी दोनदा सांगितलंय.